रिकामे बीट

एकच शब्द दोन घरी नांदावा आणि एका घराला दुसऱ्याचा पत्ता नसावा, अशी गंमत भाषेत पुष्कळदा होते. 'बीट' हा असाच शब्द. वर्गात विचारले तर मुले कोशिंबिरीतला तांबडा कंद सांगतील. पण आमच्या नागझिऱ्याच्या बाजूला बीट म्हणजे वनरक्षकाच्या हवाली केलेला जंगलाचा तुकडा. आणि वर्तमानपत्राच्या कचेरीत बीट म्हणजे बातमीदाराला नेमून दिलेले क्षेत्र. दोघांचेही काम एकच. त्याच वाटेने पुन्हा पुन्हा जायचे आणि काल नव्हते ते आज काय आहे, काल होते ते आज का नाही, एवढे पाहायचे.

वनरक्षकाचे बीट रिकामे राहिले तर जंगल तक्रार करीत नाही. तोडलेला साग काही अर्ज लिहीत नाही. बातमीदाराचे बीट रिकामे झाले म्हणजेही असेच होते. दुसऱ्या दिवशी अंक भरलेल्या पानांनिशीच दारात पडतो. त्यात काय आले नाही, हे अंकाने कसे सांगावे?

तालुक्याच्या गावी एका दैनिकाची दीड खणाची कचेरी होती. माझा एक जुना विद्यार्थी तिथे बारा वर्षे होता. एका सकाळी त्याला फोनवरच कळले की, उद्यापासून येण्याचे कारण नाही. आता त्या जागेत मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे आणि आमचे पान नागपुरात लागते. उरलेला वार्ताहर बातमी देतो आणि जाहिरातही आणतो. दिवाळीला ज्या सरपंचाकडून शुभेच्छांची जाहिरात घ्यायची, त्याच्याच नळयोजनेविषयी लिहायचे म्हणजे खाल्ल्या घरचे वासे मोजण्यासारखेच की! तेव्हा वासे कुणी मोजत नाही.

मालकांच्या नावाने बोटे मोडणे सोपे आहे. पण अंकाच्या किमतीत अंकाचा खर्च निघत नाही. ती तूट जाहिराती भरून काढीत. त्या जाहिराती फोनच्या पडद्याकडे वळल्या. 2020 च्या टाळेबंदीत उरल्यासुरल्याही आटल्या. नोकरकपात आणि पगारकपात अशी सुरू झाली की, पत्रकारांच्या संघटनांना उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे दाद मागावी लागली. त्याच वर्षाच्या शेवटी 'मुंबई मिरर'सारखे मोठ्या घरचे इंग्रजी दैनिकही दैनिक राहिले नाही, साप्ताहिक झाले. मुंबईची ही कथा, तर तालुक्याच्या दीड खणांना कोण विचारतो?

कुणी म्हणेल, आता प्रत्येकाच्या हाती फोन आहे. बातमी दडेल कशी? खरे आहे, पहिली बातमी दडत नाही. नागझिऱ्यात जन्मलेला 'जय' नावाचा वाघ 2013 साली चालत चालत उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलात गेला आणि 2016 च्या एप्रिलपासून दिसेनासा झाला. साऱ्या देशाने त्याची चौकशी केली. त्याच्या गळ्यात रेडिओचा पट्टा होता. माणसांच्या गळ्यात पट्टा नसतो. 8 एप्रिल 2021 रोजी नागझिऱ्याचा वणवा विझवताना तीन हंगामी मजूर होरपळून गेले. तीही बातमी दूरवर पोचली. पण सहा महिन्यांनी त्या उंबऱ्यांशी उभे राहून, 'जाहीर झालेले हाती पडले का? पोरे शाळेत जातात का? यंदा वणव्यावर जाणाऱ्यांना अंगात घालायला काय दिले?' असे विचारायचे, तर तो माणूस जवळपासचाच हवा. नागपुराहून त्यासाठी कोण येणार? पहिली बातमी वाऱ्यावरही येते. दुसरी बातमी पायी चालतच आणावी लागते.

त्यासाठी मोठा लवाजमा लागतो असेही नाही. मुकुंदराव पाटलांनी 1910 पासून 'दीनमित्र' चालवले ते नेवासे तालुक्यातल्या तरवडी या खेड्यातून. शेतकऱ्याचे दुःख कळायला त्यांना बातमीदार पाठवावा लागत नसे. ते शेजारीच राहत होते. आज कमी झाले आहे ते हे शेजारी राहणे.

माझा विद्यार्थी आता विम्याची कामे करतो. बरे चालले आहे म्हणतो. मागे त्याने मला आपली जुनी वही दाखवली. बातमी छापून आली की तो तिच्यापुढे एक तारीख लिहून ठेवी आणि शेजारी दोनच शब्द: 'पुन्हा जाणे'. पूल मंजूर झाला, पुन्हा जाणे. रानडुकरांनी धान तुडवले, पंचनामा झाला, पुन्हा जाणे. विहिरीत पोर पडले, कठडा बांधू म्हणाले, पुन्हा जाणे. कितीतरी तारखा त्याला निरोप मिळाल्यानंतरच्या होत्या.

ती वही मी मागून घेतली आहे. शाळामास्तराच्याने बातमीदारी होत नाही, हे मला ठाऊक आहे. आणि मी लिहिलेले छापील कोण, हाही प्रश्न आहेच. पण दिवाळीची सुट्टी आहे, सायकल आहे आणि त्या विहिरीचे गाव काही फार लांब नाही. कठडा झाला की नाही, एवढे तरी पाहून येतो.