काचेमागचे अकाउंटंट

दिवसअखेर हिशेब टॅली झाला नाही आणि फरकाला नऊने भाग गेला, तर कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली असं समजावं. ५४ चे ४५ झाले, की ९ चा फरक! हे ऐकून माझा पुतण्या म्हणाला, "काका, म्हणजे तुम्ही डीबगिंगच करता की!" त्या दिवसापासून घरात माझा भाव किंचित वधारला.

पुतण्या लिनक्सवर प्रोग्रॅम लिहितो. चुकीचा माग काढायला त्याच्याकडे 'जीडीबी' आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी ते १९८६ साली लिहिलं. लिनक्सचा जन्म १९९१ चा. वडीलधारं खरं, आणि स्वभावही तसाच. काळ्या पडद्यावर कंसात स्वतःचं नाव लिहून गप्प बसतं. 'ब्रेक' म्हटलं की प्रोग्रॅम ठरल्या ओळीवर अडवतं, 'प्रिंट' म्हटलं की त्या क्षणी कुठल्या खात्यात काय आहे ते सांगतं. आपणहून अवाक्षर नाही. नेमका शब्द ठाऊक नसेल तर बसा!

या मौनाला जर्मनीत, ब्राउनश्वाइगच्या तांत्रिक विद्यापीठात, आंद्रेआस त्सेलर आणि डोरोथेआ ल्युटकेहाउस यांनी नव्वदच्या दशकात खिडकी बसवली. तिचं नाव 'डीडीडी'. ओळीपाशी माउसने टिचकी मारा, तिथे 'स्टॉप'ची पाटी उभी! माहिती चौकोनांत दिसते आणि कोण कोणाकडे बोट दाखवतंय ते बाणांनी. (आमच्या शाखेत बोटं पुष्कळ, बाण काढणारं कोणी नाही.) पुढे केडीई डेस्कटॉपवाल्यांसाठी केडीबीजी झालं, ग्नोमवाल्यांसाठी नेमिव्हर. एका चाळीत दोन गणपती.

पण गंमत अशी, की या सगळ्या खिडक्यांच्या आत पुन्हा जीडीबीच! खिडकी गुपचूप त्याला विचारते आणि उत्तर रंगवून दाखवते. ते उत्तर माणसांसाठी लिहिलेलं. नव्या आवृत्तीत चार शब्द बदलले की खिडकी बावचळायची. म्हणून पुढे जीडीबीला यंत्रांशी बोलायची वेगळी, ठरीव भाषा शिकवावी लागली.

आमच्याकडे हेच. नूतनीकरणात काच आली, टोकन आलं, चौकशीला हसतमुख मुलगी आली. ग्राहकाने अवघड काही विचारलं, की ती आत येऊन अकाउंटंटसाहेबांना विचारते.

"एवढ्या खिडक्या असताना रात्री काळा पडदाच का उघडतोस रे?" मी पुतण्याला विचारलं.

"काका, बिघाड होतो तो लांबच्या सर्व्हरवर. तिथे डेस्कटॉपच नसतो."

अकाउंटंटसाहेब येत्या मार्चअखेर निवृत्त होताहेत. त्यांच्या जागी कोण, ते वरून कळलेलं नाही. काच पुसण्याचं वार्षिक कंत्राट मात्र मंजूर झालंय.