बर्फात पडायला कुठे जायचं?

प्रश्न तसा साधा होता. फेब्रुवारीत नऊ दिवसांची सुट्टी, दोघांच्या बोनसचे पैसे आणि स्कीइंग शिकायचंच, एवढं नक्की होतं. फक्त कुठे, ते ठरवायचं होतं. तेवढ्यासाठी दिवाळी ते नाताळ गेला! त्या दोन महिन्यांत आमच्यात दोन भांडणं झाली, एक अबोला झाला आणि आईने मला एक असा प्रश्न विचारला की माझी बोलतीच बंद झाली. पण ते नंतर.

हे खूळ आमच्या डोक्यात शिरलं हनिमूनला. जानेवारी २०२२, मनाली. सगळे जातात तसे आम्हीही सोलंगला गेलो, भाड्याचे रंगीबेरंगी सूट चढवले आणि ‘स्कीइंग’ केलं. म्हणजे काय, तर एका माणसाने आमच्या पायात फळ्या अडकवल्या, मागून घट्ट धरलं, वीस पावलं सरकवलं आणि त्याच्या जोडीदाराने फटाफट फोटो काढले. दहा मिनिटांत खेळ खलास! फोटोत नवरोबा थेट ऑलिंपिकला निघाल्यासारखा दिसतो. फोटो झाल्यावर त्या माणसाने हात सोडला, तेव्हा हाच पठ्ठ्या सरळ जाऊन मॅगीच्या टपरीला धडकला. मी हसता हसता घसरले. पण कुणी धरलेलं नसताना, त्या चार सेकंदांत जे काही वाटलं ना... त्यावर मी पुढची चार वर्षं बदलापूर-ऐरोली-बदलापूर काढली.

तर यावेळी फोटो नाही, शिकायचं. नवरोबाने लगेच एक्सेल शीट बनवली. (तो अंबरनाथच्या एमआयडीसीत प्लॅनिंगला आहे. भाजीसुद्धा एक्सेलवर आणतो.) स्वित्झर्लंडचा कॉलम मी पहिल्याच दिवशी डिलीट केला, कारण आमच्या होम लोनचा हप्ता आल्प्सपेक्षा उंच आहे. मग त्याने दुबईच्या मॉलमधलं, २००५ साली सुरू झालेलं स्की दुबई सुचवलं. बदलापूरच्या उकाड्यातून पळायचं, वाळवंटात उतरायचं आणि तिथे फ्रीजमध्ये शिरायचं? छे! उरले तीन : गुलमर्ग, औली आणि पुन्हा एकदा सोलंग.

त्याचं मत गुलमर्गला. तसं वजनदार नाव आहे ते. १९२७ साली इंग्रजांनी तिथे स्की क्लब ऑफ इंडिया काढला. १९९८ मध्ये गोंडोला कोंगडोरीपर्यंत गेली आणि २००५ मध्ये दुसऱ्या टप्प्यात अफरवटच्या खांद्यावर, सुमारे ३,९५० मीटरवर पोचली. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे २,६५० मीटरवरचं गुलमर्ग गावच कळसूबाईच्या डोक्यावर हजार मीटर! जवळच्या टंगमर्गचा आरिफ खान याच उतारांवर वाढला आणि २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू म्हणून उतरला. नवरोबा हे सगळं मला रोज रात्री वाचून दाखवायचा.

‘‘अरे, पण त्या ३,९५० मीटरचं आपण करणार काय?’’ मी विचारलं. वरचे बहुतेक उतार म्हणजे कुणी दाबून सपाट न केलेला, मोकळा डोंगर. जगभरातले पट्टीचे स्कीअर त्याच्यासाठीच येतात आणि त्यांचंही तिथे चुकतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटच्या हिमस्खलनात दोन पोलिश पाहुणे गेले, फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन. आमच्यासारखे शिकाऊ लोक आठवडाभर खालच्या बशीसारख्या कुरणातच पडणार आणि उठणार. उन्हाळ्यात तिथे गोल्फ खेळतात. थोडक्यात, पहिलीत नाव घालताना शाळेला पीएच.डी.ची सोय आहे का, हे बघायचं नसतं. आमचं पहिलं भांडण यावरून.

माझं मत औलीला. देवदार, समोर नंदादेवी, नवशिक्यांना झेपतील असे लांब उतार. २०११ मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा तिथे झाल्या होत्या. पण जानेवारी २०२३ मध्ये पायथ्याच्या जोशीमठात जमीन खचली. शेकडो घरांना तडे गेले, माणसं घरं सोडून बाहेर पडली आणि गावातून औलीला जाणारा चार किलोमीटरचा रोपवे बंद करावा लागला. वर जायला रस्ता आहे, पण ऋषिकेशहून जोशीमठ अडीचशे किलोमीटर, म्हणजे सगळा दिवस घाटात. नवरोबाने कॅलेंडर पुढे ठेवलं. नऊ दिवसांतले चार जाण्यायेण्यात. शिवाय त्याने विचारलं, ‘‘जे गाव स्वतःच्या घरांचं ओझं पेलत नाहीये, त्याच्यावर आपलं कशाला?’’ मी म्हटलं, ‘‘आणि कुणीच गेलं नाही, तर तिथल्या लोकांनी खायचं काय?’’ दुसरं भांडण. अबोला याच्यावरून.

सोलंग सगळ्यात सोपं. मनालीपासून जेमतेम १३-१४ किलोमीटर. मनालीच्या सरकारी पर्वतारोहण संस्थेचे स्कीइंगचे कोर्स तिथेच होतात. २०१८ मध्ये तुर्कस्तानात ब्राँझ मिळवून स्कीइंगमधलं भारताचं पहिलं आंतरराष्ट्रीय पदक आणणारी आंचल ठाकूर याच भागातली. पण ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा उघडला आणि अख्खी दुनिया त्याच रस्त्याला लागली. मला तो टपरीवाला पुन्हा भेटायला नको होता.

आणि हो, बर्फ! तो पडेलच, असं आम्ही गृहीत धरलं होतं. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार चक्क मातकट होते, महिन्याच्या अखेरीस कुठे बर्फ पडला. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या खेलो इंडियाच्या स्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलल्या आणि मार्चमध्ये घेतल्या. हा बर्फ येतो भूमध्य समुद्राकडून निघालेल्या वाऱ्यांबरोबर. ते रुसले, की तुमचं बुकिंग कोण विचारतो? काश्मिरात २१ डिसेंबरपासूनच्या कडाक्याच्या ४० दिवसांना चिल्ला-ए-कलां म्हणतात. ते संपल्यावर, म्हणजे फेब्रुवारीत जावं. तोवर बर्फ साठून बसण्याची शक्यता जास्त. नवरोबाच्या शीटमध्ये गुलमर्ग पुढे सरकलं. श्रीनगरच्या विमानतळावरून रस्ता जेमतेम ५० किलोमीटरचा. नऊतले सात दिवस बर्फात!

शीटमध्ये एक कॉलम मात्र आम्ही दोघांनीही केला नव्हता. आणि का केला नाही, तेही दोघांना माहीत होतं.

२२ एप्रिल २०२५. पहलगाम. २६ माणसं गेली. त्यातले तिघे आमच्या शेजारच्या डोंबिवलीचे. माझी मावशी डोंबिवलीत राहते. दुसऱ्या दिवशी ती आणि अंबरनाथहून गेलेली माझी आई भागशाळा मैदानावर त्या गर्दीत उभ्या होत्या. आई घरी आली ती काही बोललीच नाही. जी माणसं सुट्टीवर गेली होती, रोज आपल्यासारखीच लोकल पकडत होती, ती अशी परत आली. त्यानंतर आमच्या घरात काश्मीर हा शब्द हळू आवाजात उच्चारला जाऊ लागला.

म्हणून आईला सांगायला आम्ही दोघं मिळून गेलो. नवरोबाने प्रिंटआउट नेली होती! ‘‘आई, तुम्ही जरा हे बघा,’’ म्हणत त्याने रस्ता, हॉटेल, हवामान सगळं समजावलं. मी माझा मुद्दा मांडला. म्हटलं, ‘‘आपल्याकडे २००५ ला पूर आला, २०१९ ला आला, २०२१ ला आला. याच्या घरी पहिल्या मजल्याच्या पायरीपर्यंत पाणी होतं. मुंबईचे लोक विचारतात, बदलापूरला राहता तरी कसे? आपल्याला राग येतो ना? आपलं गाव म्हणजे काय नुसता पूर आहे का? मग त्यांचं गाव म्हणजे नुसती ती एक दुपार कशी? त्या २६ जणांत एक तिथलाच घोडेवाला होता, आई.’’

आईने ऐकून घेतलं. टीव्ही बंद केला. मग म्हणाली, ‘‘पुराची सूचना येते गं. तुला तिथे जायचंय ते शिकायला, की आपण घाबरत नाही हे दाखवायला?’’

खरं सांगू? उत्तर थोडंसं दुसरंही होतं. ऑफिसात कुणी ‘काश्मीर? आत्ता?’ म्हटलं, की मला जरा बरं वाटायचं. हिंमतवान असल्यासारखं. सोलंगचा तो फोटो आणि हे, फरक काय? त्यातही कुणीतरी मागून धरलेलंच होतं.

घरी येताना रिक्षात आम्ही शीट नव्याने केली. रकाना एकच : शिकायला काय लागतं? बर्फ, छोटा उतार, चांगला शिकवणारा आणि त्याच्याबरोबर घालवायला दिवस. गुलमर्ग तरीही पहिलं आलं, पण यावेळी वेगळ्या अटींवर. दुसऱ्या टप्प्यावर जायचं नाही, कितीही मोह झाला तरी. तिकिटं रद्द करता येतील अशीच काढायची. परिस्थिती बिघडली, तर गुपचूप घरी बसायचं आणि त्याला पळपुटेपणा म्हणायचं नाही. आणि रोज रात्री आईला फोन. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मिरात चालत नाही. म्हणून दोघांनीही नंबर पोस्टपेड करून घेतले. आईच्या जिवाला शांतता देणारी सगळ्यात स्वस्त गोष्ट ती!

तयारी मात्र फुकट चालू आहे. स्कीइंगमध्ये म्हणे गुडघे सैल ठेवायचे, वजन थोडं पुढे आणि नजर दूर. अहो, मग कल्याणच्या अलीकडे गाडी रूळ बदलते तेव्हा हँडल न धरता उभं राहणारी बाई दुसरं काय करते? मी तर नऊ वर्षं प्रॅक्टिस करतेय. फक्त थांबायचं कसं ते शिकायचं राहिलंय. लोकलमध्ये त्याची गरज पडत नाही, समोरचा माणूस असतोच.

आईने होकार दिलाच नाही. नकारही दिला नाही. मागच्या रविवारी ती न सांगता उल्हासनगरला जाऊन आली आणि एक पिशवी माझ्या हातात दिली. दोघांसाठी थर्मल आणि एकेक माकडटोपी. वर ताकीद : ‘‘तिथे ती उल्हासनगरची जीन्स घालून मिरवू नका. भिजली की वाळत नाही.’’

मी थर्मल उलगडून बघितले. ‘‘आई, हे मोठे होतील गं.’’

‘‘मुद्दाम एक साइज मोठी घेतलीय,’’ ती म्हणाली. ‘‘पडायलाच चाललाय ना? शिवण उसवायला नको.’’