हाताचं वजन

३ जून
बॉक्सिंगच्या सरावानंतर आम्हा प्रशिक्षकांत पुन्हा तोच वाद. आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ सर म्हणाले, "जॅब शिकवता येतो, पाय शिकवता येतात. हाताचं वजन मात्र पोरगं घरूनच घेऊन येतं." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला या मताची काळजी वाटते. 'हात हलका' असा शिक्का एकदा बसला, की त्या मुलाला कुणी ठोसा शिकवतच नाही. गुण कसे मिळवायचे आणि अंतर कसं राखायचं एवढंच शिकवतात. मग दोन वर्षांनी त्याचा हात हलकाच निघतो, आणि आपलं म्हणणं खरं ठरल्यासारखं वाटतं.

५ जून
रात्री उशिरापर्यंत टॉमी हर्न्सच्या लढती पाहिल्या. डेट्रॉइटचा हा उंच, काटकुळा मुलगा. हौशी बॉक्सिंगमध्ये त्याचे १५५ विजय नोंदवलेले आहेत, आणि त्यांत नॉकआउट फक्त १२. १९७७ मध्ये तो व्यावसायिक झाला आणि पहिल्या १७ लढती त्याने ओळीने नॉकआउटवर जिंकल्या. प्रशिक्षक आधीचेच, क्रॉंक जिमचे इमॅन्युएल स्टुअर्ड.

हे सगळं श्रेय स्टुअर्डना देण्याआधी थांबायला हवं. हर्न्स तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचा होता, अंग भरत होतं. हौशी लढत तीन फेऱ्यांची, तिथे मारून झटकन बाहेर पडणाऱ्याचा फायदा. तरीही १९८४ ची रोबर्तो दुरानविरुद्धची लढत पाहताना माझी नजर पुन्हा पुन्हा हर्न्सच्या मागच्या पायाकडे जाते. उजवा हात सुटण्याआधी टाच फिरलेली असते, कंबर निघालेली असते, मूठ सगळ्यांत शेवटी येते. दुसऱ्या फेरीत दुरान तोंडावर कोसळला. इतका लांब हात जन्माने मिळतो, पण हा क्रम कुणीतरी घोटून घेतलेला आहे.

८ जून
फिलिमोनोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९८५ चा सोव्हिएत अभ्यास पुन्हा काढला. मागच्या हाताच्या सरळ ठोशात शरीराचा कुठला भाग किती वाटा उचलतो, हे त्यांनी तपासलं. वरच्या दर्जाच्या बॉक्सरमध्ये पायांचा वाटा सुमारे ३८ टक्के आणि हाताचा २४. नवशिक्यांत अगदी उलट, पायांचा जेमतेम १६ आणि हाताचा ३८.

ज्येष्ठ सर यावर काय म्हणतील ते मला ठाऊक आहे: ज्यांचे पाय मुळातच असे चालतात तेच वर पोचतात, बाकीचे गळतात. हा आक्षेप खोटा नाही. दोन वेगळ्या गटांची तुलना करून शिकणं सिद्ध होत नाही. म्हणूनच मला हर्न्स महत्त्वाचा वाटतो. तिथे माणूस एकच आहे, आधीचा आणि नंतरचा.

१० जून
पावसाने हॉलमध्ये पाणी. सराव नाही.

१२ जून
सातवीतली एक मुलगी बॅगवर नुसत्या हाताने मारते. आवाज चापटीसारखा येतो, खांदे दुखतात आणि ती लाजते. आज तिचे ग्लोव्हज काढून ठेवले. हात छातीशी बांधून फक्त मागची टाच आणि कंबर फिरवायला लावली. नंतर मेडिसिन बॉल भिंतीवर फेकायला दिला. शेताच्या माळ्यावर उभा राहून गोफण मारणारा माणूस नुसतं मनगट फिरवत नाही, सगळ्या अंगाने फिरतो, हे सांगितल्यावर तिला लगेच समजलं; गावाकडे पाहिलेलं असणार. तासाच्या शेवटी दोन-तीन ठोसे धप्प वाजले, बाकीचे पुन्हा चापटीसारखे. टाच अजून उशिरा फिरते. पुढचे काही आठवडे हेच.

१५ जून
आज दुसऱ्या बाजूला मन लावून न्याय द्यायचा आहे. डिऑन्टे वाइल्डर विशीत, २००५ च्या सुमारास, बॉक्सिंगकडे वळला आणि २००८ मध्ये बीजिंगहून कांस्यपदक घेऊन आला. २०१८ मध्ये त्याने त्याच्याहून वीस किलोंनी जड टायसन फ्युरीला बाराव्या फेरीत आडवं केलं. पाय बारीक, तंत्र कच्चं, तरी हाताला वीज. जुना हेवीवेट बॉक्सर अर्नी शेव्हर्स, त्याच्याही हाताला तसाच जोर. वेगाने आकुंचन पावणाऱ्या स्नायूतंतूंचं प्रमाण, हाडांची लांबी, मनगटाची जाडी यांत आईबापांचा मोठा वाटा आहे, आणि कुठलाही प्रशिक्षक वाइल्डर घडवू शकत नाही. हे मी मनापासून मान्य करतो.

पण आमच्या हॉलमध्ये वाइल्डर येत नाहीत. येतात ती या मुलीसारखी मुलं. त्यांच्यात जन्माने जेवढं आहे, त्यातलंही निम्मं जमिनीतून मुठीपर्यंत पोचत नाही. त्यांच्या बाबतीत पहिला प्रश्न या गळतीचा आहे.

१६ जून
हेवीवेट बॉक्सर जॅक डेम्प्सीचं १९५० चं पुस्तक वाचतोय. १९१९ मध्ये टोलीडोला याच माणसाने जवळपास पंचवीस किलोंनी जड जेस विलर्डला पहिल्याच फेरीत सात वेळा खाली पाडलं. 'मला देणगी होती' एवढं सांगून त्याला मोकळं होता आलं असतं. त्याऐवजी तो पुढचा पाय कसा उचलायचा, शरीराचं वजन पुढे पडू कसं द्यायचं आणि ते पडत असतानाच मूठ कशी नेऊन भिडवायची, हे पायरीपायरीने समजावतो. सोमवारपासून नव्या तुकडीचा पहिला आठवडा फक्त पायांचा. बॅग दुसऱ्या आठवड्यात.