एक मायक्रोफोन, पाच माणसे

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात दादा गेली चोवीस वर्षे राहतो. लुईव्हिलला त्याचे घर आहे, घरामागे हिरवळ आहे आणि ती कापायचे यंत्रही आहे. "मला ब्लूग्रास ऐकायला जायचे आहे," असे मी म्हणालो तेव्हा तो गंभीरपणे म्हणाला, "अरे, ते गवत आहे. त्यात ऐकायचे काय?"

त्याचे अगदीच चुकले नव्हते. या गवतावरूनच केंटकीला टोपणनाव पडले. बिल मन्रो या मँडोलिनवादकाने त्यावरून आपल्या वाद्यवृंदाला 'ब्लू ग्रास बॉईज' म्हटले आणि पुढे तेच नाव त्या संगीताला चिकटले. मँडोलिन, फिडल, बँजो, गिटार आणि माणसाएवढा उभा बास. सगळी तारांची वाद्ये, तालवाद्य एकही नाही. बँजोचा मूळपुरुष गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांबरोबर आला. १९४५ च्या डिसेंबरात अर्ल स्क्रग्ज मन्रोला येऊन मिळाला. तीन बोटांत नख्या चढवून तो बँजो वाजवू लागला आणि या संगीताचा बाज ठरून गेला. त्याचा पहिला अनेक दिवसांचा महोत्सव १९६५ मध्ये व्हर्जिनियातल्या फिनकॅसलला झाला. आम्ही निघालो होतो ओवेन्सबरोला. ओहायो नदीकाठच्या या गावी, यलो क्रीक पार्कमध्ये, जूनच्या अखेरीस 'रोम्प' नावाचा महोत्सव भरतो.

गाडी दादाची, कॅमेरा माझा. या वाक्यात आमचा सगळा इतिहास आहे. लहानपणी घरात एकच कॅमेरा होता आणि तो दादाच्या ताब्यात असे. मी हात पुढे केला, की "रोल वाया जाईल" हे ठरलेले उत्तर. छत्तीस फोटोंच्या रोलमधला एकही माझ्या वाट्याला आला नाही. पुढे पगारातून पैसे साठवून मी कॅमेरा घेतला आणि तो कधी दादाच्या हाती दिला नाही. सांगायला लाज वाटते, पण पंचेचाळिशीच्या प्राध्यापकाच्या आत एक दहा वर्षांचा मुलगा रुसून बसलेला असतो.

वाटेत मी दादाला बिल मन्रोची गोष्ट सांगितली. १९११ साली ओवेन्सबरोजवळच्या रोझीन गावी जन्मलेला हा आठ भावंडांतला धाकटा. थोरल्या भावांनी फिडल आणि गिटार आधीच घेतलेली, म्हणून याच्या हाती मँडोलिन आले. आवाज फार होऊ नये म्हणून भावांनी त्याला आठांपैकी चार तारा काढायला लावल्या, असे सांगतात.

"मग पुढे?" दादाने विचारले.

"पुढे बिल आणि चार्ली या भावांची जोडी गाजली. १९३८ मध्ये फुटली."

दादा काही बोलला नाही. त्याने फक्त गाडीची काच खाली केली.

संध्याकाळी मंचासमोरच्या गवतावर आम्ही जागा धरली. पाच तरुण आले आणि एकाच मायक्रोफोनभोवती उभे राहिले. जुन्या वळणाचे वादक अजूनही असे वाजवतात. ज्याची पाळी तो पुढे येतो, आपली करामत दाखवतो आणि दुसऱ्याला वाट देत मागे सरकतो. गाण्याच्या वेळी तीन-चार डोकी एकत्र येतात. आपल्याकडे भजनात वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, तसेच काहीसे. कोणी कोणाला ढकलत नाही, आणि उभ्या बासालाही धक्का लागत नाही!

मला नेमका तो क्षण हवा होता, एक मागे सरकताना आणि दुसरा पुढे येताना. पण शटर वेगाने उघडावे तर बँजोवाल्याची बोटे गोठून जात आणि बुवा तारांवर हात ठेवून झोपला आहे असे वाटे. सावकाश उघडावे तर बोटांबरोबर चेहराही विरघळे. अचूक क्षणी मायक्रोफोनची दांडी गाणाऱ्याच्या नाकावर येई. दोनशे फोटो झाले, तीनशे झाले. आठ वाजून गेले, उजेड उतरला, कडेच्या झाडांत काजवे लुकलुकू लागले.

"मँडोलिनवाला मागे सरकायच्या आधी बासवाला मान हलवतो," दादा हळूच म्हणाला. "तेव्हा तयार राहा."

मी एक डोळा मिटून बसलो होतो. दादा दोन्ही डोळ्यांनी बघत होता. गळ्यातला पट्टा काढून मी कॅमेरा त्याच्यापुढे धरला. "तूच काढ."

त्याने हात पुढे केला नाही. "रोल वाया गेला तर?" असे तो म्हणाला, आणि हसण्याचा प्रयत्न करून दुसरीकडे पाहू लागला. ते वाक्य त्याच्याही लक्षात होते तर!

"जाऊ दे वाया," मी म्हणालो.

त्याने एकच फोटो काढला. बटण कोणते, तेही मला दाखवावे लागले. मग पुढचा तासभर कॅमेरा गवतावर पडून राहिला आणि मी पहिल्यांदा ते संगीत ऐकले.

पुण्याला परतल्यावर घरच्यांनी पाचशे फोटो निमूटपणे पाहिले आणि त्यांतला एक निवडला. दादाचा. फोटो थोडा तिरका आहे. मँडोलिनवाला मागे सरकताना किंचित पुसट झाला आहे, बँजोवाला पुढे येतो आहे, मध्ये तो एकटा मायक्रोफोन. आणि खालच्या कोपऱ्यात, मान उंचावून बघणारे एक टक्कल आहे. पाचशे फोटोंत मी असलेला तेवढा एकच.