दोघांचे तिकीट

धर्मग्रामाच्या कचेरीत संध्याकाळी येणारी माणसे बहुधा तीन कामांसाठी येतात. कोणाला बाप्तिस्म्याचा दाखला हवा असतो, कोणाला मिस्साहेतू नोंदवायचा असतो, तर कोणाच्या मुलाला शाळेत प्रवेश मिळत नसतो. २०२४ च्या नोव्हेंबरच्या आरंभी जे जोडपे माझ्यासमोर येऊन बसले, त्यांचे काम या तिहींपैकी कोणतेच नव्हते. त्यांना माझ्याकडून एक खोटे हवे होते.

हे मी त्यांच्या अनुमतीने लिहितो आहे. यातला एकही शब्द पापनिवेदनात ऐकलेला नाही, सारे कचेरीतल्या टेबलाशी, चहाच्या कपासमवेत ऐकलेले आहे, हे आधीच सांगितलेले बरे. नावे अर्थातच देत नाही.

तो नाशिकरोडच्या प्रेसमध्ये पाळीने काम करतो. ती एका खासगी रुग्णालयात परिचारिका. थोरली मुलगी अकरा वर्षांची, धाकटा सहाचा. आगमनकाळात आपल्याकडे सहसा लग्ने लागत नाहीत, म्हणून नोव्हेंबरअखेर आमच्या विवाहनोंदवहीत दाटी होते. त्याच दाटीत २००९ साली यांचेही लग्न लागले होते. पंधरा वर्षे पूर्ण होत होती. त्यानिमित्त त्यांनी मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या पर्यटक जहाजाची तिकिटे काढली होती. दोनच. मुले आजीजवळ राहणार होती. आजीला मात्र ते एवढेच सांगणार होते की, आम्ही जुन्या गोव्याला संत फ्रान्सिस झेवियरच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनाला जात आहोत. दर दहा वर्षांनी होणारे ते दर्शन २१ नोव्हेंबरला सुरू व्हायचे होते आणि जहाज मुरगाव बंदरात एक दिवस थांबणार होते. तेव्हा ते संपूर्ण खोटे नव्हते, सोयीपुरते होते.

"फादर, आईंना तुम्हीच एक शब्द सांगा. यात्रा आहे, गर्दी आहे, मुलांना नेणे बरे नाही. तुमचे त्या मोडणार नाहीत," ती म्हणाली.

खोटे बोलायला मी नकार दिला, त्यात माझे काही चुकले नाही. पण तेवढ्यावर मी थांबलो नाही. "मुलांना घरी टाकून मौजेला जायचे आणि वर संताचे नाव चिकटवायचे, हे कोणत्या धर्मशिक्षणात शिकलात?" असे मी विचारले. तिने मान खाली घातली. तो काही बोलला नाही. दोघे उठले. तिच्या कपातला चहा तसाच राहिला होता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आपण खरे बोललो याचे समाधान व्हायला हवे होते, ते होईना.

माझा जन्म हरेगावचा. वडील बेलापूर कंपनीच्या साखर कारखान्यात कामगार होते. आम्ही पाच भावंडे, एक खोली, एक पडवी. आईवडील दोघेच कोठे गेल्याचे मला आठवत नाही. वर्षाकाठी एकच यात्रा ठाऊक, मतमाउलीची, आणि ती तर आमच्या दारातच भरत असे! आईबाप म्हणजे असेच असतात, अशी माझी बालपणापासूनची समजूत. आणि पुण्याच्या सेमिनरीतून बाहेर पडलो, तेव्हा त्या समजुतीला त्याग हे भारदस्त नाव मिळालेले होते. वडील गेल्यानंतर आई एकदा सहज म्हणाली होती, "तुझ्या बापाला खीर आवडते, हे मला त्यांच्या शेवटच्या दुखण्यात कळलं. त्याआधी खायला घालताना कधी विचारायला सवडच झाली नाही." मी तेव्हा हसलो होतो. त्या रात्री ते वाक्य आठवले आणि हसू आले नाही.

दुसरी गोष्ट अधिक लाजिरवाणी. 'मॅरेज एन्काउंटर' या उपक्रमाविषयी मी वेदीवरून कितीदा तरी बोललो आहे. फादर गॅब्रिएल काल्व्हो या स्पॅनिश धर्मगुरूने १९६२ साली बार्सिलोना येथे त्याचे पहिले शिबिर घेतले. शनिवार-रविवार पतिपत्नींनी घर सोडून, मुले सोडून एकत्र राहायचे आणि एकमेकांशी बोलायचे, एवढेच त्याचे सूत्र. आमच्या धर्मग्रामातल्या जोडप्यांना मी स्वतः आग्रह करकरून पाठवले आहे. "मुलांचे काय?" असे कोणी विचारले, तर "दोन दिवस आजी सांभाळील" हे उत्तर मीच देत असे. म्हणजे शिबिराच्या खोलीत बसून बोलले तर ती साधना, आणि जहाजाच्या कठड्याशी उभे राहून बोलले तर ती चैन! सेमिनरीत आम्ही घोकले होते की, विवाहसंस्कार वरवधू एकमेकांना देतात, पुरोहित केवळ साक्षीदार असतो. पण साक्षीदारालाच कधी कधी मालकी वाटू लागते.

सकाळच्या मिस्सानंतर मी त्याला दूरध्वनी केला, क्षमा मागितली आणि म्हणालो, "आईंना खरे सांगा. मी सोबत येतो."

त्या माऊलीला मी ओळखत होतो, पण ती वसईच्या पाचूबंदरची, कोळ्यांची लेक, हे त्या संध्याकाळी नव्याने ध्यानात आले. आम्हा घाटावरच्या माणसांना पाणी म्हणजे गोदावरी; समुद्र आम्हाला सुटीत दिसतो. तिने तो रोज पाहिलेला. मुलाने सगळे सांगितल्यावर ती बराच वेळ गप्प राहिली. मुलांना सोबत का नेत नाही, हे तिने विचारलेच नाही. तिचा प्रश्न निराळा होता.

"दोघं एका बोटीत?"

तिचे वडील आणि चुलते कधीही एका होडीतून मासेमारीला गेले नाहीत. घरातला एक तरी पुरुष काठावर राहिला पाहिजे, हा त्यांच्या घरचा नेम. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वाटेतच उलटली आणि शेकडो माणसे बुडाली. ती कथा तिने वडिलांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली होती की, स्वतः पाहिल्यासारखी सांगत होती. मुलाने तिला समजावले. ही 'एम्प्रेस' नावाची नौका, फ्रान्समध्ये १९९० साली बांधलेली, अकरा मजल्यांची. २०२१ पासून मुंबईहून फेऱ्या करते आहे. आईने शांतपणे म्हटले, "रामदासपण तेव्हा मोठीच वाटायची."

मी तेथे धीर द्यायला गेलो होतो, पण त्या वाक्यावर मला काही सुचेना. दोन लेकरांचे आईबाप एकाच वेळी एकाच पाण्यावर, ही तिची भीती अडाणीपणाची नव्हती. मग तीच म्हणाली, "जा. पण दर्शनाला म्हणून सांगून गेला असता आणि काही झालं असतं, तर पोरांना मी काय सांगितलं असतं? की मलाही ठाऊक नव्हतं?" सून रडू लागली. म्हातारीने तिला जवळ घेतले नाही. उठून चहा ठेवला. माणसांच्या माया करण्याच्या पद्धती वेगवेगळ्या असतात.

पुढचे मला त्यांनी परतल्यावर सांगितले. पहाटेच्या थंडीत पंचवटी एक्स्प्रेस, मग टॅक्सीने बॅलार्ड पिअर. जहाजाच्या रोषणाईचे, पोहण्याच्या तलावाचे, रात्रीच्या गाण्याबजावण्याचे वर्णन त्यांनी दोन मिनिटांत उरकले, मीही लांबवीत नाही. याच किनाऱ्याने एकेकाळी भाऊच्या धक्क्यावरून निघणारी आगबोट रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला करीत पणजीला जात असे. चाकरमानी डेकवर वळकट्या पसरून, पोरे कुशीत घेऊन रात्र काढीत. त्या प्रवासाला सहल म्हणावे, असे कोणाच्या मनातही आले नसेल. आता ती आगबोट नाही.

किनारा मागे पडला तसा मोबाइल निकामी झाला, आणि पंधरा वर्षांत प्रथमच त्यांना कोणी हाक मारीना. पहिल्या संध्याकाळी ते मुलांविषयीच बोलले. तोही विषय संपला, तेव्हा दोघांच्या लक्षात आले की आता बोलायला काही उरले नाही. "फादर, त्या शांततेची मला लाटांपेक्षा जास्त भीती वाटली," तो म्हणाला.

दुसऱ्या रात्री जेवताना वाढणाऱ्या मुलाशी ओळख निघाली. गोव्याचाच, आपल्यातला, गळ्यात क्रूस होता. गोव्यातल्या कितीतरी घरांतले पुरुष पिढ्यान् पिढ्या असे जहाजांवर राबत आले आहेत. या तरुणाने भ्रमणध्वनीवर आपल्या मुलीचे छायाचित्र दाखवले. ती आता चालू लागली होती आणि तिची पहिली पावले त्याने पडद्यावरच पाहिली होती. मग त्याने सहज विचारले, "तुम्हाला मुलं किती?"

"दोन," ती म्हणाली. त्याच क्षणी तो म्हणाला, "तीन."

वाचकहो, ही तिसऱ्याची हकीकत मलाही ठाऊक नव्हती. एप्रिल २०२१, कोरोनाची दुसरी लाट. ती कोविड वॉर्डात कामावर, पाचवा महिना चालू. तिलाच संसर्ग झाला. ती आत, आणि तो फाटकाबाहेर तीन दिवस उभा. बाळ गेले. घरी आली, तेव्हा थोरली सात वर्षांची होती, धाकटा दोनाचा. दोन खोल्यांचे घर, पातळ भिंती, पलीकडे सासू. मुलांसमोर बोलायचे नाही म्हणून दोघे बोलले नाहीत, आणि मग न बोलण्याचीच सवय झाली. तो कधी त्या बाळाचा उच्चारही करीत नाही, म्हणून तिने धरून चालले की तो विसरला. त्याला वाटत होते, आपण उच्चार केला तर ती कोसळेल. साडेतीन वर्षे एका ताटातले जेवण करून दोघे एकमेकांपासून तेच दुःख लपवीत होते. घटस्फोटाचा शब्दही एकदा घरात येऊन गेला होता, हे तिने मला खाली मान घालून सांगितले.

त्या रात्री ते वरच्या डेकवर पहाटेपर्यंत उभे होते. आधी भांडले. चांगलेच भांडले, असे तो म्हणाला. घरी असते तर मुले जागी झाली असती. मग तिने विचारले, "तुम्ही मोजत होता?" तो म्हणाला, "रोज." त्याने त्या बाळाला मनातल्या मनात एक नावही दिले होते. ते त्याने तिला तेथे सांगितले.

दुसऱ्या दिवशी जुन्या गोव्यात से कॅथेड्रलमध्ये ते दर्शनाच्या रांगेत उभे राहिले. फ्रान्सिस झेवियर एप्रिल १५४१ मध्ये लिस्बनहून निघाले आणि १५४२ च्या मे महिन्यात गोव्याला पोहोचले. तेरा महिन्यांच्या त्या प्रवासापुढे यांचा प्रवास तो किती! पण अवशेषांसमोर मिळालेल्या काही क्षणांत तिला प्रार्थना सुचली नाही, फक्त ते नाव आठवले, असे तिने सांगितले.

१ डिसेंबरला, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, मिस्सानंतर दोघे पुन्हा कचेरीत आले. या वेळी त्यांचे काम त्या नेहमीच्या तिहींपैकी एक होते. मिस्साहेतू नोंदवायचा होता. तिने चाचरत विचारले, "बाप्तिस्मा झालेला नव्हता फादर. चालेल?"

आमच्या लहानपणी गावच्या मास्तरांनी धर्मशिक्षणात 'लिंबो' हा शब्द शिकवला होता, आणि बाप्तिस्म्यावाचून गेलेली बाळे स्वर्गाच्या वेशीपाशीच थांबतात असे सांगितले होते. त्या शब्दाने किती आयांना रडवले असेल, देव जाणे. २००७ साली आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने आपल्या निवेदनात सांगितले की, अशा बालकांच्या तारणाची आशा बाळगायला आपल्याला भक्कम आधार आहे. हे सगळे मी तिला समजावून सांगणार होतो. पण तिच्याकडे पाहिले आणि एवढेच म्हणालो, "चालेल." वही उघडली आणि नाव लिहून घेतले.

मिस्साच्या दिवशी सगळे घर आले होते, मुलेही. ती संपल्यावर म्हातारी एकटीच कचेरीकडे वळली. पदराच्या गाठीतून तिने पन्नासाची नोट काढून टेबलावर ठेवली. मी म्हटले, "आई, यांनी भरले आहेत."

"ते त्यांचे," ती म्हणाली. "आजीचे वेगळे लिहा."