पाण्याखालची दिशा

मालवणला स्कूबा डायव्हिंगचा ओपन वॉटर कोर्स केला, कार्ड मिळालं. पण पाण्याखाली आपण कुठे आहोत हे मला कधीच ठाऊक नसायचं. बोटीवरून उतरायचं, गाइडच्या फिन्सवर नजर ठेवायची आणि त्या वळतील तिकडे वळायचं. मासे पाहिले, प्रवाळ पाहिलं, जागा मात्र पाहिलीच नाही. म्हणून पावसाळ्यानंतर डायव्हिंग पुन्हा सुरू झालं, तेव्हा डायव्हिंगच्या सरांना म्हटलं, मला नेव्हिगेशन शिकवा.

पहिला धडा तारकर्लीच्या वाळूत झाला. डोक्यावर टॉवेल, हातात कंपास, आणि नजर फक्त काट्यावर. जाळं निवडत बसलेल्या एका काकांना राहवलं नाही. "काय गो बाय, काय हरवला?" सरांनी हसत सांगितलं, अजून काही नाही, हरवू नये म्हणून चाललंय.

कंपासवरची मधली रेघ जायच्या दिशेला धरायची, काटा स्थिरावू द्यायचा आणि बाहेरची कडी फिरवून तिच्या दोन खुणांमध्ये काटा पकडायचा. मग काटा त्या खुणांत राहील असं सरळ जायचं. परतताना कडीला हात लावायचा नाही. काटा बरोबर समोरच्या खुणेवर, म्हणजे १८० अंशांवर येईपर्यंत आपण वळायचं. कंपास सपाट हवा, कलला की काटा अडकतो. जवळ लोखंडी वस्तू किंवा दुसरा कंपास असला तरी तो फसतो.

अंतर मोजायला पाण्यातल्या वाळूवर ३० मीटरची दोरी अंथरली होती. तिच्या कडेने पोहत दोन्ही पायांची मिळून एक किक धरायची आणि मोजत जायचं. घाईत पाय मारले की हिशेब कोलमडतो, हे तिथेच कळलं.

खरी गंमत खाली होती. हिरवट पाणी, चार-पाच मीटरपलीकडे सगळं धूसर. काटा खुणेत होता, आणि तरीही मन ठासून सांगत होतं की मी डावीकडे वळतेय. तिथे क्षितिज नसतं, अंगाला वजन जाणवत नाही, मग मन कशाच्या आधारावर बोलणार? डोळेही भरवशाचे नाहीत. मास्कमधून वस्तू सुमारे पाव अंतराने जवळ आणि तिसऱ्या हिश्श्याने मोठी दिसते. वरून बोट गेली, तर इंजिनाचा आवाज सगळीकडून आला. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून वेगाने धावतो आणि दोन कानांमधला फरक मेंदूला पकडता येत नाही. मन, डोळे, कान सगळे साक्षीदार फुटलेले. राहिला काटा आणि किक्सचा आकडा.

पण काट्याचीही एक मर्यादा असते. तो तोंड कुठे आहे ते सांगतो. प्रवाह आपल्याला बाजूला ढकलत असेल, तर ते सांगत नाही. काटा अचूक, आपण मात्र भलतीकडे! त्यावर सरांनी दिलेला उपाय साधा होता. कंपासच्या मधल्या रेघेसमोरचा, दिसेल तेवढ्यातला लांबचा खडक निवडायचा, तिथपर्यंत जायचं, मग त्याच रेषेत पुढचा. जाताना प्रवाहाविरुद्ध निघायचं, म्हणजे हवा कमी उरलेली असताना परतीला प्रवाह सोबत असतो. वाळूवरच्या लाटांच्या रेघा बहुधा किनाऱ्याला समांतर असतात, तोही एक आधार. आणि एवढं करून ठिकाण सापडलं नाहीच, तर खाली भटकत राहायचं नाही. सावकाश वर येऊन बोट पाहायची.

त्या दिवशी कंपासवर पोहत चौकोन पुरा करून मी बोटीच्या नांगराच्या दोरापाशी परत आले, अगदी दोरावर नाही, पण दिसेल इतक्या जवळ. सरांनी हाताने 'ओके' केलं आणि लगेच बोट दाखवलं: पुन्हा, या वेळी उलट्या बाजूने.

आता प्रत्येक डायव्हनंतर बोटीवर बसून पाटीवर नकाशा काढते: नांगर, खडक, खोली, किक्स, प्रवाहाची बाजू. मालवणचं पाणी एखाद्या दिवशी गढूळ असतंच. अशा दिवशी इतर जण वैतागून वर येतात. मला निदान पुढचा खडक कुठे लागणार हे आधी ठाऊक असतं.