उभ्या गाडीचा हिशेब

विकायला काढलेली गाडी कळंबोलीत एका पत्र्याच्या शेडपुढे उभी होती. सात वर्षांची दहा चाकी, रंग ताजा, फाळक्यावर कमळं काढलेली. सातारा जिल्ह्यातला हा ड्रायव्हर चौदा वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवतोय. त्याने इंजिन सुरू करून कान लावला, गिअर टाकून बघितले आणि फाळक्यावर मनातल्या मनात मुलीचं नाव रंगवूनही टाकलं. टायरला टॉमी मारायची तेवढी राहिली. शेठची गाडी घेऊन निघताना हाच माणूस दहाही टायर ठोकून बघतो. खणखणीत वाजला तर हवा बरोबर, भद्द वाजला तर उतरलेली. आपली होऊ घातलेली गाडी दिसली आणि हाताची सवय सुटली.

भाव अठरा लाख. जवळ चार, उरलेले चौदा फायनान्सवाल्याचे. चौदा टक्क्यांनी चार वर्षांत फेडायचे तर महिन्याला ३८,२५० रुपयांच्या आसपास हप्ता. हा आकडा त्याला तोंडपाठ आहे. मालक व्हायला निघालेल्या कुठल्याही ड्रायव्हरला विचारा, हप्ता पाठ असतो. गडबड होते ती पुढे.

त्याचा रस्ता ठरलेला, भिवंडी ते बंगळूर. भिवंडीच्या गोदामात माल भरायचा, खंबाटकी चढायची, सातारा-कोल्हापूर मागे टाकून तवंदीचा घाट, मग हुबळीकडे. हजारेक किलोमीटर. भरलेली गाडी लिटरला चार किलोमीटर देते आणि डिझेल नव्वदच्या घरात, म्हणजे दर किलोमीटरला साडेबावीस रुपये नळकांड्यातून जातात. घाटात कुठे दुसरा टाकायचा, कुठे ब्रेकवरचा पाय काढून गाडी इंजिनावर सोडायची, हे त्याला झोपेतही सांगता येईल. चालवण्यात तो मार खाणार नाही.

मार बसतो तो गाडी उभी असताना. भिवंडीत गाडी रात्री लागते आणि माल भरतो दुसऱ्या दिवशी दुपारी. बंगळूरला रविवार आडवा आला की खाली व्हायला दीड दिवस. मग यशवंतपूरच्या ट्रक टर्मिनलवर परतीच्या भाड्याची वाट. पगारी ड्रायव्हर अशा वेळी केबिनमध्ये ताणून देतो, भत्ता चालूच असतो. मालकाला तीच झोप महागात पडते. हप्त्याचे दिवसाला पावणेतेराशे. वीस ते चाळीस टनांच्या मालगाडीचा थर्ड पार्टी विमा २०२२ मध्ये वर्षाला ४३,९५० रुपये ठरला, त्याचे दिवसाला एकशेवीस. नॅशनल परमिटचे वर्षाला १६,५००, त्याचे पंचेचाळीस. चाक न हलता जवळपास साडेचौदाशे गेले, आणि यात टायर, ग्रीस, पाटे अजून धरलेलेच नाहीत.

जाऊन-येऊन फेरी दहा दिवसांत झाली तर महिन्याला सहा हजार किलोमीटर पळतात आणि हप्त्याचा बोजा किलोमीटरला सहा रुपये चाळीस पैसे पडतो. तीच फेरी आठ दिवसांत बसली तर साडेसात हजार, बोजा पाच रुपये दहा पैसे. हे दोन दिवस गाडी जोरात हाणून वाचत नाहीत. ते वाचतात फोनवर, बंगळूरला पोचायच्या आधीच तिथला दलाल पटवून. मोठ्या शेठचा मुनीम दिवसभर दुसरं काय करतो? खंबाटकीच्या चढाला एकटा माणूस स्टेअरिंग धरेल की भाड्याची घासाघीस करेल? वाराईचा, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या हमालीचा, वाद वेगळाच. ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही वाहतूकदारांची जुनी मागणी, पण गोदामाच्या दारात ती बोलून दाखवणारा एकगाडी मालक पुढच्या वेळी रांगेत मागे जातो. भाड्यातली राहिलेली रक्कम पोच हातात पडल्यावर मिळते, आणि ती कधी कधी महिनाभर फिरत असते.

कागद त्यामानाने सरळ. गाडी आठ वर्षांची झाली की पासिंग दोन वर्षांऐवजी दरवर्षी. दोनपेक्षा जास्त ॲक्सलच्या गाडीला नॅशनल परमिट पंधरा वर्षांपर्यंतच मिळतं, म्हणजे हिच्या हातात आठ वर्षं, त्यातली चार हप्त्याची. ई-वे बिल दोनशे किलोमीटरला एक दिवस देतं, त्याची अडचण सहसा येत नाही.

खरी ओळ त्याच्या वहीत नव्हतीच. आज पगार-भत्ता मिळून त्याला पंचवीस हजार सुटतात. स्वतःच चालवणार म्हणून ड्रायव्हरचा खर्च त्याने शून्य धरला आणि वाचलेले पंचवीस हजार नफ्यात मांडले. शेठने ती वही बघितली. शेठही एके काळी ड्रायव्हरच.

“तुझा पगार कुठाय?”

“शेठ, गाडी माझीच असणार की.”

“मग तू फुकट चालवणार?”

प्राप्तिकर खात्याचाही एक अंदाज आहे. दहापर्यंत गाड्या असणाऱ्या मालकाने तपशीलवार हिशेब ठेवला नाही, तर अवजड गाडीच्या एकूण वजनाच्या टनामागे महिन्याला हजार रुपये उत्पन्न धरतात. तीन ॲक्सलच्या गाडीला २०१८ पासून साडेअठ्ठावीस टनांची मुभा आहे, म्हणजे महिन्याला २८,५००. गाडी महिनाभर झाडाखाली उभी राहिली तरी अंदाज तोच. पंचवीस हजारांच्या नोकरीपुढे हा आकडा ठेवला की साडेतीन हजारांचा फरक उरतो, आणि त्यासाठी चौदा लाखांचं कर्ज. एवढ्यावरून गाडी घेऊ नये असं मात्र नाही. हप्ते संपल्यावर हाताशी गाडी राहते. पगार कितीही वर्षं घेतला तरी ती राहत नाही.

मागच्या फेरीला त्याने वेगळीच वही ठेवली. गाडी शेठचीच, पण वेळ लिहिली मालकासारखी. भिवंडीत भरायला चौदा तास, बंगळूरला खाली व्हायला एकतीस, परतीच्या भाड्याला दोन दिवस. बारावी झालेला धाकटा भाऊ घरी आहे, त्याने त्या दोन दिवसांत फोन लावून बघितले. सहा दलालांपैकी दोघांनी उचलले. एकाने शेठपेक्षा दीड हजार कमी भाडं सांगितलं, पण सांगितलं.

टोकन अजून दिलेलं नाही. शनिवारी दोघं भाऊ पुन्हा कळंबोलीला जाणार आहेत, टॉमी घेऊन.